अडीचकी आणि चौथी ओळ

सोमवार, ३ नोव्हेंबर

टक्‌ — टक्‌ — टकटक — टक्‌!

मास्तरांच्या अंगठीचा आवाज. लाकडी टेबलाच्या कडेवर. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि मास्तर बोटातल्या अंगठीनं ठेका धरायचे. तो आवाज कानातून कधी गेला नाही, पण पुन्हा बाहेरून ऐकू येईल असंही वाटलं नव्हतं. आज सकाळी आला — आणि कुठून, तर बर्फावरून!

आमची भिंगरी म्हणजे माझी नात, नुकतंच तेरावं लागलंय. ती फिगर स्केटिंग करते. पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर नाचायचं, गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. संगीत सुरू होण्याआधी ती पात्याचं टोक बर्फावर हलकेच आपटते. टक्‌, टक्‌. म्हणाली, "सवय आहे आजोबा, त्याशिवाय माझं इंजिन सुरू होत नाही."

सूनबाईंची दवाखान्यातली पाळी बदलली, मुलगा कामासाठी परगावी. म्हणून आजपासून सकाळी तिला रिंकवर न्यायचं काम माझ्याकडे. "बाबा, फार गार असतं हो तिथं," सूनबाई दोनदा म्हणाल्या. अहो, मी जन्मभर विंगेत उभा राहिलेला माणूस! नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. पडद्यामागच्या वाऱ्याच्या झोतात, हातात संहिता धरून, नटांना विसरलेली वाक्यं कुजबुजत पुरवायची. गारठ्याचं मला काय सांगता!

तरी दोन स्वेटर घातलेच.


बुधवार, ५ नोव्हेंबर

रिंक आवडली मला. रबरी चटयांचा बोळ, ओल्या चामड्याचा वास, हातमोजे हीटरवर वाळत घालणाऱ्या आया. मधूनच एक बोजड गाडी येते आणि ओरखडलेला बर्फ सारवून जाते. मग तो असा चकचकीत, की जणू पाटी पुसून नवी दिलीय.

आज भिंगरीची भानगड समजली. तिच्या कार्यक्रमात एक मोठी उडी आहे. समोर बघत उडायचं, हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर पाठमोरं उतरायचं. डबल अ‍ॅक्सल म्हणतात. मी तिचं नाव अडीचकी ठेवलं.

"अडीचकी म्हणजे?"

"अडीचाचा पाढा. आम्हाला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं पाठ असायचं."

"औटकी किती?"

"साडेतीन."

"बाप रे! साडेतीनची उडी जगात मोजक्या बायकांना येते आजोबा, आणि तुमचा सगळा वर्ग करायचा?"

बसमध्ये दोघंही खो खो हसलो. समोरच्या बाईंनी पेपर खाली घेऊन पाहिलं.

हसणं ओसरल्यावर म्हणाली, "मला ती येते. कोचबाई शेजारी असल्या की येते. संगीत लावलं आणि एकटी सोडली की नाही येत." उन्हाळ्यातल्या स्पर्धेत ती याच उडीला पडली, सगळ्यांदेखत. तेव्हापासून त्या कोपऱ्यात पोचली की अंग आखडतं, आणि अडीचाची दीड होते. चौदा डिसेंबरला मोठी स्पर्धा. पहिली येईल तीच पुढच्या फेरीला जाईल, दुसरी राखीव.

"आणि मला पहिलीबिहिली नंतर. मला फक्त ती उडी करायचीय. नाहीतर मी सोडून देणार आहे. आईला सांगू नका."

नाही सांगितलं. या पानाला तेवढं सांगतोय.


शनिवार, ८ नोव्हेंबर

कोचबाईंची एक रीत पाहिली आणि थक्क झालो. उंच, खणखणीत आवाजाची बाई, गळ्यात शिटी, हातात घड्याळ. मुलींना बोळातल्या बाकावर बसवलं. "डोळे मिटा. अख्खा कार्यक्रम मनात करा. संगीतही मनातच. संपलं की हात वर." आणि घड्याळ चालू केलं. मनातला कार्यक्रम खऱ्या कार्यक्रमाएवढाच वेळ चालला पाहिजे!

सहा पोरी डोळे मिटून बसल्या. कुणाची बोटं हलतायत, कुणाची मान. दुरून वाटावं, देवळातले गवई समेची वाट बघतायत.

भिंगरीचा हात सगळ्यांच्या आधी वर.

"लवकर संपलं," कोचबाई म्हणाल्या. "कुठं गाळलंस?"

तिनं बुटाची नाडी पुन्हा बांधायला घेतली.

बसमध्ये बोलली. "गाळलं नाही आजोबा. मनातसुद्धा मी पडते. दरवेळी त्याच कोपऱ्यात. म्हणून मग तिथून पळते."

मी तिचा हातमोजा घट्ट धरला. आत हात होताच.


रविवार, ९ नोव्हेंबर

दिवसभर मास्तरांची कविता डोक्यात. त्यांची स्वतःची होती. कुठं छापली नाही, कुणी विचारली नाही. फक्त आमच्या वर्गाला पाठ.

पाऊल उचल, वाट म्हणाली, पुढचे मी बघते,
मागे उडली धूळ तुझी ती घरी पोचती करते,
दमलास तर मी दमते थोडी, सावलीत मी बसते —

आणि चौथी ओळ? गेली! ठेका तसाच आहे, टक्‌ टक्‌ टकटक, अंगठी वाजतेय, शब्द मात्र नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना ओळी पुरवल्या आणि आपलीच एक ओळ हरवून बसलो. ही असती तर म्हणाली असती, "तुमचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडी गेलं हो!" कंपनीचा कपडेपट सांभाळायची ती. टाचण्या ओठांत धरून मला टोमणे मारायची, आणि तरी एकही टाचणी पडायची नाही.


बुधवार, १२ नोव्हेंबर

कोचबाईंनी भिंगरीला घरचा अभ्यास दिला. "उडीच्या आधी दोन ठोके थांबतेस ना, त्या वेळात तुझ्या मनात काय चालतं?"

"पडू नको, पडू नको."

"झालं! मनाला 'नको' ऐकू येत नाही, फक्त 'पड' ऐकू येतं. तिथं स्वतःचे शब्द ठेव. माझे चालणार नाहीत, आईचे नाहीत. जे म्हणताना अंग सैल होईल असे."

संध्याकाळी भिंगरी माझ्या खोलीत. "आजोबा, तुमच्याकडे ढीगभर कविता आहेत. एखादी द्या की उसनी."

मास्तरांची दिली. तिनं 'दमलास'चं 'दमलीस' करून घेतलं आणि पायांत मोजे घालून घराच्या बोळातून सरकत निघाली. एक ओळ लांब सरकण्याला, एक गिरकीला, एक वळणाला. काय बसली हो! जशी मापं घेऊन शिवलेली.

सूनबाई पोळपाट सोडून दारात. "अगं, खालचे येतील भांडायला! बाबा, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगू, मी ठेका धरलाय."

तिसरी ओळ संपली ती नेमकी उडीच्या तोंडाशी. भिंगरी थांबली.

"आणि इथं? चौथी?"

"ती विसरलो बाळा."

"नेमकी माझ्याच उडीची ओळ विसरलात!"

"तूर्त नुसता ठेका म्हण."

तोंड वाकडं करून म्हणाली, "टक्‌ टक्‌. बरं. चालवून घेते."


रविवार, १६ नोव्हेंबर

बर्फ सारवणारी गाडी फिरत असताना कोचबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या थर्मासातली कॉफी दिली. कडू जहर.

"तुम्ही नाटकात होता म्हणे. मला एक सांगा, नट नुसता थांबलाय की विसरलाय, ते विंगेतून कसं कळायचं?"

काय प्रश्न विचारला बाईनं! नट रंगात थांबला असेल तर त्याचा श्वास चालू असतो आणि डोळे स्थिर. विसरला की उलटं. श्वास अडकतो आणि डोळे फिरतात, मांजराचं पिल्लू हरवल्यासारखे. आणि पहिला नियम: ज्याला आठवतंय त्याला सांगू नये. थांबलेल्या नटाला ओळ पुरवली की त्याचा सगळा प्रसंग मेला म्हणून समजा.

"आमच्यात तसंच आहे," त्या म्हणाल्या. "उडीआधीची जागा रिकामी वाटते, पण तिथंच सगळं होतं. आम्ही बाहेरून ओरडलो की संपलं. मी ते चार वर्षं तोंडावर हात ठेवून शिकलेय."

मी मोठ्या ऐटीत मान डोलावली. जसं काही हे मला नव्यानं शिकायचं नव्हतंच.


गुरुवार, २० नोव्हेंबर

पोरीचा गुडघा जांभळा. आनंदात आहे. कशाचा आनंद, देव जाणे. मलाही झाला.


रविवार, २३ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

आज क्लबची आपापसातली चाचणी. परीक्षक दोनच, पण नियम सगळे खरे. मी पहिल्या रांगेत, कठड्याला चिकटून. भिंगरी सुरू झाली. मी ओठांतल्या ओठांत ओळी म्हणतोय, ती बर्फावर. पहिली ओळ, दुसरी, तिसरी — वळली, कोपऱ्यात आली, थांबली. दोन ठोके.

त्या दोन ठोक्यांत मी कठड्यावर पुढं वाकलो. वाटलं, विसरली! आणि चौथी ओळ नव्हतीच, म्हणून पहिलीचाच शब्द माझ्या तोंडून गेला —

"पाऊल!"

ओरडलो नाही. कुजबुजलो. पण प्रॉम्प्टरची कुजबुज ती! चार भिंतींत पोचेल अशी घडवलेली. संगीताच्या त्या शांत जागेत ती बर्फावरून घसरत थेट तिच्या कानात गेली. तिनं हवेत असताना मान वळवली. माझ्याकडे!

पडली. कुशीवर. बर्फावरून कितीतरी लांब घसरत गेली.

उठली, पुढचं केलं, संपवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

कोचबाई आल्या. "आजोबा, तुम्ही बोललात?"

"हो."

"पुढच्या वेळी शेवटची रांग."

"हो."


सोमवार, २४ नोव्हेंबर

बसमध्ये ती एका खिडकीबाहेर, मी दुसऱ्या. दोन्हीकडे तीच घरं.


बुधवार, २६ नोव्हेंबर

आज तिनंच कोंडी फोडली. बुटांची पाती फडक्यानं पुसत होती. घरी आल्यावर ओली ठेवली की गंजतात.

"आजोबा, तुम्ही का बोललात?"

"मला वाटलं तू विसरलीस."

"मी थांबले होते."

तीन शब्द. विंगेत उभं राहून उभा जन्म गेला, हजार नटांचं थांबणं आणि विसरणं वेगळं ओळखलं, आणि स्वतःच्या नातीपाशी चुकलो! तिचे डोळे स्थिर होते. श्वास चालू होता. आता आठवतंय ना सगळं! डोळे फिरत होते ते माझे. भीती माझी होती आणि ओळ तिला पुरवली.

तसंच सांगितलं तिला. तिनं दुसरं पातं पुसायला घेतलं.

"म्हणजे प्रॉम्प्टरलाही प्रॉम्प्टर लागतो?"

"लागतो की! तुझी आजी होती माझी."

"ती काय सांगायची?"

"'गप्प बसा.'"

हसली! फडकं तोंडावर धरून हसली. मग म्हणाली, "त्या दिवशी एक गंमत झाली पण. मी पडले ना, घसरत घसरत, तेव्हा वाटलं — अरे, एवढंच? उन्हाळ्यापासून याला घाबरतेय? बर्फ गार होता आणि सपाट होता. बस्स."


रविवार, ३० नोव्हेंबर

शेवटची रांग! इथून बर्फ म्हणजे ताटात ओतलेलं दूध. भिंगरी एवढीशी. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रेक्षक झालोय. जागा बरी आहे. पाय पसरता येतात, आणि कुजबुजलो तरी फक्त मागची भिंत ऐकेल.

बाकावरची परीक्षा पुन्हा झाली. डोळे मिटून. कोचबाईंचं घड्याळ. भिंगरीचा हात अगदी वेळेवर वर! कोचबाईंनी घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. दोघी हसतायत.

"मनातली पडझड संपली?" मी बसमध्ये विचारलं.

"नाही. आता पडले तर उठते. पळत नाही." मग हळूच, "आजोबा, मला चौथी ओळ सापडली."

मी उडालोच. "मास्तरांची? कुठं?"

"मास्तरांची नाही. माझी. मी केली."

"म्हण की!"

"छे! तुम्हाला सांगितली की तुम्ही ओठ हलवणार. शेवटच्या रांगेतूनही हलवणार. कुणाला नाही सांगणार."

बरोबर आहे. ज्याला आठवतंय त्याला सांगू नये, आणि ज्याची जीभ सैल त्यालाही सांगू नये.


गुरुवार, ४ डिसेंबर

उतरली! अडीचकी उतरली! संगीतासकट. एकटीनं. त्याच कोपऱ्यात.

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. सफाईवाले दादा झाडू थांबवून म्हणाले, "आजोबा, सराव आहे, नाटक नाही." त्यांना काय ठाऊक!


रविवार, ७ डिसेंबर

एका मुलीविषयी लिहायचं राहून गेलं. भिंगरीहून वर्षभर मोठी, याच रिंकवर दुसऱ्या कोचकडे शिकते. भिंगरी आणि मैत्रिणी तिला 'इस्त्री' म्हणतात. कुठं सुरकुती नाही म्हणून! केस चापून बांधलेले, पोशाख कडक, नाडीची दोन्ही टोकं समान. वडील मोबाइलवर तिची प्रत्येक हालचाल टिपतात आणि मग दोघं बाकावर बसून ती पाहतात. कुणाशी बोलत नाही. भिंगरीनं एकदा हात केला तर बघितलंसुद्धा नाही म्हणे.

"ती पडतच नाही आजोबा. सरावातसुद्धा. कधीच."

कोचबाई जवळून जात होत्या. थबकल्या. "जी पडत नाही तिला उठायचा सराव कधी व्हायचा?" आणि गेल्या.

"तीच पहिली येणार बघा," भिंगरी म्हणाली. सूर कडवट नव्हता. उद्या ऊन पडेल म्हणावं, तसा.

मला ती पोर जरा थकलेली वाटली. असो.


गुरुवार, ११ डिसेंबर

सूनबाई रजा टाकून येणार आहेत. मुलाचा फोन: "बाबा, तुम्ही शेवटच्या रांगेत बसा हं!" म्हणजे गोष्ट तिथपर्यंत पोचली!


शनिवार, १३ डिसेंबर

भिंगरीनं बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. पोशाखाच्या बाहीचा टाका सुटला होता. सूनबाई सुई घेऊन बसल्या आणि टाचणी ओठांत धरली. अगदी हिच्यासारखी. पाहत राहिलो. कुणी शिकवलं नसेल. टाचणी ओठांतच धरायची असते, एवढंच.

"बाबा, काय बघताय?"

"काही नाही. टोमणा मारा एखादा."

त्यांना कळलं नाही. टाचणी पडली नाही.


रविवार, १४ डिसेंबर

सगळं क्रमानं लिहितो.

शेवटची रांग. शेजारी सूनबाई, मांडीवर थर्मास. रिंक भरलेली. भिंगरीचा नंबर अगदी शेवटचा, तिच्या आधी इस्त्रीचा. दोघी कठड्याच्या फाटकाशी. इस्त्री बर्फावर, कठडा धरून, नाव पुकारण्याची वाट पाहत. भिंगरी बाहेर, जाकिटात, उड्या मारत अंग गरम ठेवतेय. इस्त्रीचे वडील समोरच्या बाजूला, मोबाइल डोळ्याला. तिचे कोच परीक्षकांच्या टेबलाशी काही कागद द्यायला गेलेले.

आणि मला दिसलं. एवढ्या लांबून! इस्त्रीचे डोळे फिरत होते. भिंत, छत, बर्फ, भिंत. खांदे कानांपर्यंत चढलेले. मी सूनबाईंना म्हटलं, "ती पोर कोरी झालीय."

"कोण?"

"ती. काही आठवत नाहीये तिला."

"बाबा, तुम्ही आधी कॉफी घ्या." आणि त्यांनी कप पुढं केला. घेतला, चष्म्यावर वाफ आली. पुसून पुन्हा पाहिलं तर भिंगरी कठड्यावरून सरळ होत होती, आणि इस्त्री मधोमध निघाली होती. खांदे खाली आलेले.

काय केलं पोरीनं! एक सुरकुती नाही. पण आज इस्त्री नव्हती तिच्यात. आज कापड वाऱ्यावर होतं. मध्ये एका जागी ती थोडी डळमळली, आणि चक्क हसली! तिच्या वडिलांनी मोबाइल खाली केला. बहुतेक पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असावेत.

मग आमची भिंगरी. टक्‌, टक्‌.

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ओठ दातांत धरले. पहिली ओळ. दुसरी. वळली, तिसरी. कोपऱ्यात आली. थांबली.

अख्ख्या रिंकमध्ये दोन ठोके शांतता. श्वास चालू. डोळे स्थिर. मला इथून दिसत नव्हते, पण माहीत होतं. मी गप्प बसलो. भिंगरीच्या आजीबाई, वरून ऐकताय ना? मी गप्प बसलो!

उडाली. अडीच. पाठमोरी उतरली, एका पायावर, हात पसरून, जसं कुणी दार उघडून बाहेर यावं.

सूनबाईंनी माझा दंड असा धरला की उद्या निळा होणार.

आणि मग काय व्हावं? अवघड सगळं झालं आणि साध्या पावलाला पडली! नुसतं सरकायचं होतं. आनंदात पायात पाय अडकला. फतकल मारून बर्फावर. सगळी रिंक "अरे!" म्हणाली. आणि ती हसत होती. खाली बसल्या बसल्या हसली, उठली, पुढच्या ठोक्याला पकडलं आणि शेवटपर्यंत गेली.

इस्त्री पहिली. भिंगरी दुसरी. इस्त्री पुढं जाणार, भिंगरी राखीव.

कोचबाई म्हणाल्या, "अडीचकी उतरली!" माझाच शब्द! "बाकी बर्फ आहे, घसरणारच."

परतताना विचारलं, "फाटकाशी इस्त्रीला काय सांगत होतीस?"

"काही नाही. तिची नाडी सुटली होती." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

इस्त्रीची नाडी सुटते म्हणजे नवलच!

मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "आजोबा, मी सोडणार नाहीये हं. आईला सांगितलं तरी चालेल."


सोमवार, १५ डिसेंबर

सुट्टी. भिंगरी दुपारपर्यंत झोपली. दंड निळा. घरात पातळ ऊन. पुन्हा एकदा म्हटलं, "आता तरी चौथी ओळ सांग." "नाही." बरं.

काही नको वाटण्याचा दिवस.


मंगळवार, १६ डिसेंबर

दुपारी दारावरची घंटी. सूनबाई कामावर, भिंगरी शाळेत. वाटलं, खालचे भांडायला आले असतील.

दारात इस्त्री! केस मोकळे, विस्कटलेले. वडील खाली गाडीत होते. पत्ता कोचबाईंकडून घेतला म्हणाली.

"ये बाळ. भिंगरी येईलच शाळेतून."

आत आली नाही. "आजोबा, मी तिची ओळ परत करायला आलेय."

"कसली ओळ?"

"रविवारी मला काहीच आठवत नव्हतं. पहिलं पाऊलसुद्धा. तिनं कानात सांगितली. म्हणाली, तू घेऊन जा, मला पाठ आहे." केस कानामागं सारले. "ती तिच्या उडीची होती ना? मला माहीत नव्हतं. काल पत्ता मागताना कोचबाईंकडून कळलं, उडीआधी म्हणायला त्यांनीच तिला शब्द शोधायला लावले होते."

आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून, नजर खाली ठेवून, तिनं ती म्हटली —

पडलीस तरी घाबरू नको ग, खालीही मीच असते.

पुढं ती थांबली. मी काही पुरवलं नाही. दार सगळं उघडलं.